दहा यायला हवं

"डबीर सर, तुमच्या कॉलेजनं सोळा आकड्याला नवस बोललाय काय?"

बाह्य परीक्षक प्राध्यापक जगदाळे माझ्या कानाशी वाकून म्हणाले. पण त्यांचा आवाज असा होता की कानात सांगितलेलंही व्हरांड्यात ऐकू जायचं. प्रयोगशाळेतल्या वीसही मुलांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या.

अशा वेळी मला पटकन काही सुचत नाही. सुचतं ते घरी जेवायला बसल्यावर. तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. माळावरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला 'रसायनशास्त्र आणि पर्यावरण' हा जोडविषय शिकवत होतो. यंत्रं आणि संगणक शिकायला आलेल्या मुलांना हा विषय म्हणजे पानातलं मीठ. वाढलं जातं, पण त्यासाठी कुणी पंगतीला बसत नाही.

एप्रिल महिना होता, प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि प्रयोग अगदी साधा होता. पाणी किती जड आहे ते मोजायचं. पाण्याचा नमुना फ्लास्कमध्ये घ्यायचा, त्यात अमोनियाचं द्रावण आणि रंगाचे दोन-चार थेंब टाकायचे, की पाणी लाल होतं. मग वर अडकवलेल्या ब्युरेटमधून, म्हणजे रेघा आखलेल्या काचेच्या नळीतून, द्रावण थेंब थेंब सोडत राहायचं. पाण्यातला चुना संपला की एका थेंबात लालाचं निळं होतं. जितकं द्रावण लागलं, तितकं पाणी जड. पुस्तकात त्या लाल रंगाला द्राक्षाच्या दारूची उपमा दिली आहे. ती मी कधी पाहिलेली नव्हती, मुलांनीही नसावी, म्हणून मी वर्गात 'कोकमाच्या सरबताचा लाल' असं सांगायचो.

नमुना त्याच दिवशी सकाळी मीच तयार केला होता. शुद्ध पाणी घ्यायचं आणि त्यात तोलून चुना विरघळवायचा. किती, ते जगदाळ्यांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. "दहा मिली येईल असं द्या. तपासायला सोपं." उत्तर दहा आहे हे त्यांना आणि मला, दोघांनाच माहीत होतं.

आणि मुलांच्या कागदांवर सोळा होतं. कुणाचं सोळाला थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त, पण सोळाच.

"एकानं माती खाल्ली आणि बाकीच्यांनी त्याच्या हातची खाल्ली," जगदाळे म्हणाले. आता ते कानात बोलत नव्हते. "वीस मुलं, एक चूक. याला आमच्याकडे कॉपी म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"एकोणीस, सर," मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं.

"काय?"

"एकोणीस. एकाचं दहा आलंय."

ते झर्रकन वळले. खिडकीजवळच्या ओट्यापाशी मुकुंद हेरवाडे उभा होता. त्याच्या कागदावर दहा होतं, ब्युरेटही दहाच्या रेघेवर थांबलेली होती. फ्लास्क मात्र धुऊन उपडा ठेवलेला होता. बाकी सगळ्यांच्या फ्लास्कमध्ये अजून निळं पाणी होतं.

"शाब्बास!" जगदाळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा, हा एक माणूस स्वतःच्या हातानं काम करणारा. नाव काय रे?"

"मुकुंद हेरवाडे, सर." तो जगदाळ्यांकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

मुकुंद माझ्याकडून पुस्तकं न्यायचा. कॉलेजच्या ग्रंथालयातली नव्हे, माझी स्वतःची. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नव्हता. बोलायचा कमी. पुस्तक परत द्यायचा ते खाकी कव्हर घालून. त्या दिवशीही सकाळी, मी तयारीच्या खोलीत असताना, पाण्यावरचं एक जाडजूड पुस्तक परत देऊन गेला होता.

"सर, मी बोलू?" मागच्या ओट्यावरून आवाज आला. नसीम मुजावर. वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी आणि सगळ्यात शेवटी खाली घेणारी मुलगी.

"बोला बाई," जगदाळे म्हणाले.

"उत्तर चोरायचंच असतं तर दहा चोरलं असतं की. चुकीचं कोण चोरतं?"

मुलं हसली. जगदाळेही हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. "चोराला काय माहीत, माल खोटा आहे ते?"

नसीमनं हात खाली घेतला. तो इतक्या लवकर खाली आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, माझं वर्ष गेलं तर अब्बा परत पाठवणार नाहीत. मी केलंय हे. तीनदा केलंय."

"ते रिपोर्टात लिहा," जगदाळे म्हणाले. "डबीर सर, मला कोरा कागद द्या. एकोणीस जणांचा रिपोर्ट करू. सही दोघांची लागेल."

मी म्हणालो, "कागद आणतो," आणि तयारीच्या खोलीत गेलो.

कागद टेबलावरच होते. पण मला एकटं उभं राहायचं होतं. माझा स्वतःवर भरवसा कधीच नव्हता. दाराला कुलूप लावून गेलो तरी कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघणारा मी माणूस. म्हणून मला पहिली शंका आली ती मुलांची नाही, माझीच. वजन चुकलं असेल. एरवी नमुना बनवला की मी आधी स्वतः प्रयोग करून बघायचो. पण त्या दिवशी जगदाळे अगोदरच्या एसटीनं आले आणि त्यांच्या चहापाण्यात ते राहूनच गेलं.

उरलेला नमुना कोपऱ्यात होता. मी ब्युरेट भरली. दहाच्या रेघेला आलो तेव्हा पाणी कोकमासारखं लालच होतं. बारा. लाल. चौदा. लाल. सोळाच्या रेघेवर एक थेंब पडला आणि पाणी निळं झालं.

मी ब्युरेटची तोटी बंद केली. पोरं खरी होती.

तराजू तपासला. ठीक होता. चुन्याची बाटली पाहिली. सीलबंद, नवी, त्या सकाळीच उघडलेली. ब्युरेटमधलं द्रावण महिन्यापूर्वीचं, त्याच द्रावणानं मुलांचे सगळे सराव बरोबर आले होते. मग हा जास्तीचा चुना आला कुठून? मी वजनाचा हिशेब पुन्हा करू लागलो.

"सर, परत भिंतीशी बोलताय," दारातून गुरवमामा म्हणाले. ते आमचे प्रयोगशाळा सहायक. "एवढं ऐकून भिंतीला पण केमिस्ट्री यायला लागली असेल."

ही माझी जुनी खोड. एकटा असलो की मी हिशेब मोठ्यानं करतो. घरीही हिनं कितीदा टोकलंय.

"मामा," मी विचारलं, "आज शुद्ध पाणी कोणतं वापरलं?"

"तो निळा कॅन." ते सावध झाले. "का?"

"शुद्ध पाणी करायच्या यंत्राची कॉइल जळून महिना झाला. कॅनमधलं पाणी आलं कुठून?"

"सर, माझ्याकडं असं बघू नका. मी नळाखाली धरलेला नाही. ऑफिसनं यंत्र दुरुस्त करायला नाही म्हटलं, बाहेरून आणा म्हणाले. बसस्टँडजवळच्या बॅटरीवाल्याकडून आणलंय. तो गाड्यांच्या बॅटरीत घालतो ना, तेच."

"सील होतं?"

"कॅनला कसलं आलंय सील! मागच्या मोरीतनं भरून आणून दिला त्यानं." मामा थांबले. मग डोक्याला हात लावून म्हणाले, "अयायाई. माझ्या स्कूटरची बॅटरी दोन महिन्यांत का बसली ते आत्ता कळलं."

मलाही कळलं. त्यानं मोरीतल्या नळाचं पाणी शुद्ध म्हणून विकलं होतं. त्या पाण्यात सहा मिलीचा चुना मुळातच होता. वर मी दहाचा घातला. सोळा. इतकं सरळ. मुलांचं काहीच चुकलं नव्हतं. मी दाराकडे निघालो.

दारातच पाय थांबले.

नमुना सोळाचा होता. सगळ्यांच्या बाटलीत तोच नमुना होता. त्या पाण्यातून दहा काढता येणारच नव्हतं, कुणालाच, कितीही चांगला हात असला तरी.

मग मुकुंदचं दहा आलं कसं?

आणि मला सकाळ आठवली. मी तराजूसमोर उभा होतो, पाठ दाराकडे, आणि नेहमीसारखा बोलत होतो. 'एवढा चुना, एवढं पाणी. दहा यायला हवं. बरोबर दहा यायला हवं.' मागं वळलो तर मुकुंद खाकी कव्हरातलं पुस्तक छातीशी धरून उंबऱ्यात उभा होता. केव्हापासून, ते मी विचारलं नाही. त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं, "येतो सर," म्हणाला आणि गेला.

धुऊन उपडा ठेवलेला तो फ्लास्क आता मला वेगळाच दिसायला लागला.

मी गप्प बसलो तर एकोणीस जणांवर कॉपीचा शिक्का बसणार होता आणि नसीमला घरी बसावं लागणार होतं. बोललो तर मुकुंद उघडा पडणार होता, आणि तोही मी त्याचं नाव न घेता. तिसरी वाट मी खूप शोधली. मी तसल्या वाटा शोधणाराच माणूस आहे. सापडली नाही.

"सर, ते बोलावतायत," मामा म्हणाले.

मी निळा कॅन उचलला. मामांना कपाटातली जुन्या शुद्ध पाण्याची बाटली घ्यायला सांगितली, यंत्र जळण्याआधीची.

"कागद आणायला गेलात की विहीर खणायला?" जगदाळे म्हणाले.

"सर, नमुनाच सोळाचा आहे. मी आत्ता करून बघितला."

"तुम्ही बघितला." त्यांनी खुर्चीत मागे टेकून मला नीट न्याहाळलं. "डबीर सर, मी वीस वर्षं परीक्षा घेतोय. पोरं सापडली की मास्तरांना अचानक नवीन उत्तर मिळतं. स्वतःच्या कॉलेजचा निकाल कुणाला प्यारा नसतो?"

एरवी मी इथेच संपलो असतो. पण माझ्या हातात कॅन होता. मी दोन फ्लास्क घेतले. एकात कॅनमधलं पाणी, एकात बाटलीतलं. चुना कशातच घातला नाही. दोन्हींत अमोनियाचं द्रावण घातलं; त्याच्या वासानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग रंगाचे थेंब.

"पाणी शुद्ध असेल तर लगेच निळं दिसायला हवं," मी म्हणालो.

बाटलीतलं पाणी निळं झालं. कॅनमधलं कोकमासारखं लाल.

"च्यामायला!" मागून कुणीतरी म्हणालं.

जगदाळे उठले. त्यांनी दोन्ही फ्लास्क उजेडाकडे धरले, कॅनचं झाकण काढून वास घेतला, मग स्वतः पुन्हा पाणी ओतून तेच केलं. पुन्हा लाल. माणूस संशयी होता, पण डोळ्यांना दिसलेलं नाकारणारा नव्हता.

"बॅटरीवाला?" त्यांनी मामांना विचारलं.

"व्हय साहेब."

"म्हणजे एकोणीस जण खरे." त्यांनी रिपोर्टासाठी उघडलेलं पेन बंद केलं. "बरं झालं सही केली नव्हती."

नसीमनं ओढणीनं डोळे पुसले. "अमोनियानं येतंय," शेजारणीला म्हणाली.

वर्गात कुजबुज सुरू झाली आणि मला क्षणभर वाटलं, संपलं. यातच सगळं वाहून जाईल. पण जगदाळे खुर्चीत बसले नाहीत. ते हळूहळू खिडकीकडे वळले.

"हेरवाडे."

"सर."

"सोळाच्या पाण्यातून तू दहा काढलंस. मलाही शिकव की. कर बघू पुन्हा."

मुकुंदनं उपडा फ्लास्क सरळ केला. नमुना घेतला, थेंब टाकले, ब्युरेट भरली. मुलं ओट्यांवरून पुढे झुकली होती. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. इतका सावकाश, इतका स्थिर हात मी त्या वर्गात पाहिला नव्हता. डाव्या हातानं तोटी, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवत. दहाच्या रेघेपाशी तो थांबला. पाणी लाल होतं.

"आलं का निळं?" जगदाळ्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग थांबलास का? चालू दे."

तो पुढे गेला. शेवटी शेवटी अर्धा अर्धा थेंब फ्लास्कच्या काठाला टेकवत होता, हे मी वर्गात शिकवलेलं आणि कुणीही न केलेलं. सोळाच्या रेघेवर पाणी निळं झालं. एका थेंबाचाही फरक नाही.

जगदाळ्यांचा आवाज उतरला. "हात तर सोन्याचा आहे रे. मग हे धंदे कशाला?" त्यांनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "दहा हा आकडा मला माहीत होता आणि डबीर सरांना. मी तर तुला आज पहिल्यांदा बघतोय."

एकोणीस जोडी डोळे माझ्यावर होते. त्यांतले बरेचसे काय विचार करत होते ते मला दिसत होतं. त्याला पुस्तकं कोण देतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, सर," मुकुंद म्हणाला. "मीच लिहिलं."

"अंतर्ज्ञानानं?"

मुकुंदनं ओठ घट्ट मिटले. मग माझा आवाज मलाच ऐकू आला, "सर, मी हिशेब मोठ्यानं करतो. सकाळी हा पुस्तक द्यायला आला होता. दारात उभा होता."

जगदाळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, हे मला आजही माहीत नाही. "भिंतीला कान असतात म्हणतात," ते म्हणाले. "तुमच्या भिंतीला तोंड आहे." मग पेन उघडून त्यांनी मुकुंदच्या कागदावर शून्य काढलं. "कॉपी केस करत नाही. हाताकडे बघून सोडतोय. हा प्रयोग ऑक्टोबरात पुन्हा दे."

मुलं गेली. जगदाळ्यांना मामा एसटीपर्यंत पोहोचवायला गेले. मी तयारीच्या खोलीत येऊन कॅन मोरीत ओतत होतो, तेव्हा उंबऱ्यात सावली पडली. या वेळी मी काहीच बोलत नव्हतो, म्हणून मला ती आधीच कळली.

"ये," मी म्हणालो.

मुकुंद आत आला. मी रागावलो होतो की दुखावलो होतो, कोण जाणे. "इतका चांगला हात असताना एकदा तरी करून बघायचं होतंस," मी म्हणालो. "न करता लिहून मोकळा झालास."

"केलं होतं, सर."

"काय?"

"तीनदा केलं. तिन्ही वेळा सोळा आलं."

मी कॅन खाली ठेवला.

"मग सोळा का नाही लिहिलंस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, इतका सोपा प्रश्न मी का विचारतोय याचं.

"तुम्ही दहा म्हणाला होतात."

बाहेर कुणीतरी नळ सोडला होता, त्याचं पाणी बादलीत पडत होतं.

"मला वाटलं माझाच हात चुकतोय," तो म्हणाला. "म्हणून फ्लास्क धुऊन टाकला. तुम्ही चुकाल असं मनातच आलं नाही."

उभ्या आयुष्यात माझ्याविषयी असं कुणी बोललं नव्हतं. मीही नाही. आनंद व्हावा अशी ती गोष्ट होती आणि मला भीती वाटली.

"चल," मी म्हणालो. "एसटी अजून सुटली नसेल. जगदाळे सरांना सांगू."

"काय सांगणार, सर? सोळा बघितलं आणि दहा लिहिलं. ते तर न करण्यापेक्षा वाईट."

मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री जेवतानाही सुचलं नाही. त्यानंतर आज इतकी वर्षं झाली, नोकरी संपली, अजून नाही.

तो जायला वळला, घुटमळला. "सर, पुढचं पुस्तक?"

मी कपाट उघडलं आणि तसाच उभा राहिलो. आयुष्यभर गोळा केलेली पुस्तकं समोर होती आणि त्यातलं एकही त्याच्या हातात द्यायला माझा हात होईना. शेवटी एक काढलं. कोणतं, ते आता आठवत नाही. देताना काय म्हणालो ते आठवतं.

"हे छापलेलं आहे म्हणून खरं मानू नकोस. मी सांगितलं म्हणून तर मुळीच नको. स्वतः करून बघ, आणि जे येईल ते लिही."

"बरं, सर," मुकुंद म्हणाला. अगदी लगेच, अगदी मनापासून मान हलवून. पुस्तक छातीशी धरून तो उंबरा ओलांडून गेला, आणि तेव्हापासून माझ्या मनातून एक शंका जात नाही. हेसुद्धा त्यानं मी सांगितलं म्हणूनच मानलं असणार.